परदेशी शिक्षणाची ‘पूर्ण’ शिष्यवृत्ती : अर्ज करण्यापूर्वी

बेंगळुरूच्या इंदिरानगर भागात सीएमएच रोडवर, मेट्रोच्या पुलालगत, मॅक्सम्युलर भवनाची वास्तू आहे. जर्मन भाषेचे वर्ग सुटतात तेव्हा वह्यापुस्तके हाती घेतलेल्या तरुण मुलामुलींचे घोळके तेथून बाहेर पडतात. त्यांत अभियंते असतात, जीवशास्त्राचे पदवीधर असतात, आणि घरी मराठी बोलणारी मुलेही असतात. कारण नोकरीच्या निमित्ताने या शहरात स्थिरावलेल्या मराठी कुटुंबांची संख्या लहान नाही. यांतील अनेकांचे पालक पुढे उन्हाळ्यात बँकेच्या शाखेत येतात. हातात विद्यापीठाचे प्रवेशपत्र असते आणि पहिला प्रश्न ठरलेला असतो : कर्ज किती मिळेल आणि घर तारण ठेवावे लागेल काय?

शिष्यवृत्तीचा विषय या भेटीत निघालाच तर तो शेवटी निघतो, आणि तोपर्यंत बहुधा उशीर झालेला असतो. परदेशी शिक्षणाच्या मोठ्या शिष्यवृत्त्यांचे अर्ज प्रवेशपत्र हाती येण्याच्या कितीतरी आधी, कधी वर्षभर आधी, भरावयाचे असतात. हा क्रम ठाऊक नसल्यामुळे केवळ पात्र असलेली नव्हे, तर यशाची चांगली शक्यता असलेली मुलेही अर्ज न करताच कर्जाच्या वाटेला लागतात. निवृत्तीला आठ-दहा वर्षे उरलेल्या पित्याचे राहते घर त्यासाठी गहाण पडते.

दुसरा गैरसमज शिष्यवृत्तीच्या स्वरूपाविषयीचा आहे. ती म्हणजे बक्षीस किंवा कोणा उदार दात्याची देणगी, अशी सर्वसाधारण समजूत असते. वस्तुतः शिष्यवृत्ती हा एक करार असतो. देणारा काही देतो, काही अटी घालतो आणि मुदत ठरवितो. मराठी वाचकास याचे सर्वांत परिचित उदाहरण डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे आहे. परंतु त्यातील व्यवहाराची बाजू क्वचितच सांगितली जाते. १९१३ साली बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांनी न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातील शिक्षणासाठी त्यांना दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती तीन वर्षांकरिता मंजूर केली. ४ जून १९१३ रोजी त्यांनी करारनाम्यावर सही केली. शिक्षण पूर्ण झाल्यावर दहा वर्षे बडोदा संस्थानची नोकरी करावयाची, अशी त्यात अट होती.

१९१५ मध्ये ते कोलंबियाचे एम.ए. झाले आणि १९१६ मध्ये लंडनला गेले. १९१७ मध्ये शिष्यवृत्तीची मुदत संपली व लंडनचा अभ्यास अर्धवट टाकून त्यांना परतावे लागले. मात्र निघण्यापूर्वी चार वर्षांच्या आत परत येऊन अभ्यास पुढे चालू ठेवण्याची परवानगी त्यांनी विद्यापीठाकडून मिळविली होती. त्यांचे सामान ज्या बोटीवर होते ती महायुद्धात पाणतीराला बळी पडली. त्या सामानाचा विमा होता. भरपाईपोटी मिळालेल्या सहाशे रुपयांतून त्यांनी बडोद्याला जाण्याचा खर्च भागविला. बडोद्यात मात्र अस्पृश्यतेपायी त्यांना राहावयास जागाही कोणी दिली नाही व करारातील नोकरी निभावणे अशक्य झाले. पुढे मुंबईच्या सिडनहॅम महाविद्यालयात प्राध्यापकी करून त्यांनी बचत केली. कोल्हापूरच्या शाहू महाराजांचे साहाय्य आणि नवल भथेना या पारशी मित्राकडून घेतलेले पाच हजार रुपये यांच्या जोरावर ते १९२० मध्ये पुन्हा लंडनला गेले, आणि १९२३ मध्ये रुपयाच्या प्रश्नावरील त्यांचा प्रबंध मान्य होऊन ग्रंथरूपानेही प्रसिद्ध झाला. बँकेत काम करणाऱ्यांना हा ग्रंथ परका नाही. एकाच शिक्षणाच्या खात्यावर शिष्यवृत्ती, विम्याची भरपाई, स्वतःची बचत, राजाश्रय आणि उसनवार अशा पाच निरनिराळ्या जमा नोंदी पडल्या, ही गोष्ट आजच्या पालकानेही पाहून ठेवण्यासारखी आहे.

सर्वच शिष्यवृत्त्या परत न करावयाच्या नसतात, हेही येथेच सांगितले पाहिजे. जमशेटजी टाटांनी १८९२ साली स्थापन केलेल्या निधीतून मिळणारी रक्कम ही ‘कर्ज-शिष्यवृत्ती’ असते. कोल्हापूरच्या डॉ. कृष्णाबाई केळवकर या तिच्या पहिल्या मानकऱ्यांपैकी होत, डॉ. जयंत नारळीकर याच निधीच्या आधाराने केंब्रिजला गेले. या निधीचा मान मोठा आहे, परंतु रक्कम फेडावी लागते. अर्जदाराने ‘शिष्यवृत्ती’ हा शब्द वाचून थांबू नये, तो इतक्याचसाठी.

‘पूर्ण’ म्हणजे किती?

शिक्षणशुल्क, निर्वाह, विमानभाडे आणि आरोग्यविमा या चारही बाबी ज्यात येतात तिला सामान्यतः पूर्ण शिष्यवृत्ती म्हणतात. परंतु हे पूर्णत्व देशानुसार बदलते. जर्मनीत बहुतेक सरकारी विद्यापीठे शिक्षणशुल्क आकारीत नाहीत. बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्यात मात्र युरोपीय संघाबाहेरील विद्यार्थ्यांना २०१७ पासून दर सत्राला १,५०० युरो द्यावे लागतात. त्यामुळे तेथे खरा प्रश्न निर्वाहाचा असतो. जर्मनीच्या डाड या विनिमय संस्थेची पदव्युत्तर विद्यार्थ्यांसाठी असलेली शिष्यवृत्ती दरमहा ९९२ युरो आहे. योगायोग असा की, शिष्यवृत्तीविना जाणाऱ्या विद्यार्थ्याने प्रवेशपरवान्यासाठी बंदिस्त खात्यात जी रक्कम आधी ठेवावयाची, तीही सप्टेंबर २०२४ पासून वर्षाला ११,९०४ युरो, म्हणजे महिन्याला बरोबर ९९२ युरो, अशीच ठरलेली आहे. शंभर रुपयांना एक युरो असा ढोबळ हिशेब केला तरी हे जवळजवळ बारा लाख रुपये होतात. शिष्यवृत्ती मिळालेल्या आणि न मिळालेल्या दोन शेजाऱ्यांमधील अंतर या एका आकड्याने मोजता येते.

ब्रिटनमध्ये हिशेब निराळा पडतो. केंद्र शासनाच्या सामाजिक न्याय मंत्रालयाची राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्ती १९५४-५५ पासून चालू आहे. तीत अनुसूचित जाती, विमुक्त व भटक्या जमाती, भूमिहीन शेतमजूर आणि पारंपरिक कारागीर यांच्या मुलांसाठी दरवर्षी १२५ जागा असतात. २०२४-२५ च्या नियमावलीनुसार शिक्षणशुल्काखेरीज निर्वाहभत्ता ब्रिटनसाठी वर्षाला ९,९०० पौंड व अमेरिका आणि इतर देशांसाठी १५,४०० डॉलर होता. याउलट, लंडनमध्ये राहण्यास महिन्याला किमान किती लागतात याचा ब्रिटिश शासनाने स्वतःच ठरविलेला आकडा नोव्हेंबर २०२५ पासून १,५२९ पौंड आहे. नऊ महिन्यांचे १३,७६१ पौंड झाले. म्हणजे शिष्यवृत्तीला नाव ‘पूर्ण’ असले तरी लंडनमधील विद्यार्थ्याला वर्षाकाठी काही लाख रुपयांची तूट सोसावी लागू शकते. लंडनबाहेरील विद्यापीठ निवडल्यास हा ताण बराच कमी होतो. प्रसिद्ध नावाच्या मोहाने हा हिशेब न करणारे अर्जदार पुष्कळ असतात.

अटींच्या बाबतीत एवढे लक्षात घ्यावे की ब्रिटिश शासनाच्या चेवनिंग शिष्यवृत्तीसाठी दोन वर्षांच्या, म्हणजे २,८०० तासांच्या, कामाचा अनुभव लागतो आणि शिक्षणानंतर किमान दोन वर्षे मायदेशी राहावे लागते. अमेरिकेच्या फुलब्राइट-नेहरू शिष्यवृत्तीवर जाणाऱ्यांनाही तेथील परवान्याच्या नियमाप्रमाणे दोन वर्षांसाठी परतावे लागते. तेथेच नोकरी करून कुटुंबाचे जुने कर्ज फेडण्याचा बेत असेल, तर या दोन वाटा त्या घरासाठी नव्हेत. युरोपीय संघाची इरॅस्मस मुंडस शिष्यवृत्ती या दृष्टीने मोकळी आहे. तीत निदान दोन देशांत शिकावे लागते, दरमहा १,४०० युरो मिळतात आणि अर्ज संबंधित अभ्यासक्रम चालविणाऱ्या विद्यापीठ-समूहाकडे थेट करावयाचा असतो.

महाराष्ट्राबाहेरील मराठी कुटुंब

इंदिरानगरसारख्या वस्तीतील मराठी अर्जदारापुढे एक प्रश्न असा येतो की जो पुण्यातील किंवा नागपुरातील अर्जदाराला पडतच नाही. महाराष्ट्र शासनाची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती २००३ साली सुरू झाली. तिच्याद्वारे अनुसूचित जातीच्या ७५ विद्यार्थ्यांना दरवर्षी परदेशी पाठविण्यात येते. परंतु त्यासाठी अर्जदार महाराष्ट्राचा रहिवासी असावा लागतो. मुलाचा जन्म व शाळा-महाविद्यालय सर्व बेंगळुरूत, आणि जातीचा दाखला मात्र आजोबांच्या गावचा, सातारा वा सोलापूर जिल्ह्यातला, अशी स्थिती असल्यास रहिवासाचा पुरावा जुळविणे कठीण जाते. दुसरीकडे, कर्नाटक शासनाची ‘प्रबुद्ध’ ही परदेश शिष्यवृत्ती कर्नाटकातील अनुसूचित जाती-जमातींसाठी आहे, आणि दुसऱ्या राज्यातून आलेल्या कुटुंबाचा मूळ राज्यातील दाखला तेथील राज्य योजनांना सामान्यतः चालत नाही. दोन्ही दारे अशी अर्धवट मिटलेली असताना केंद्राची उपरोक्त योजना हीच अशा कुटुंबाची मुख्य आशा ठरते. तीसाठी वय ३५ वर्षांहून कमी, पात्रता परीक्षेत ६० टक्के गुण, कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न आठ लाखांच्या आत आणि जगातील पहिल्या पाचशे क्रमांकांतील विद्यापीठाचा प्रवेश, अशा अटी आहेत. दाखल्यांवरील नाव, आडनाव व गाव यांची फेरतपासणी पदवीच्या शेवटच्या वर्षीच करून घ्यावी. तहसील कार्यालयाची वेळ आणि परदेशी विद्यापीठाची वेळ एकमेकींना विचारून ठरत नाहीत.

निवड झाली म्हणजे पैसे हाती आले, असेही समजू नये. जुलै २०२५ मध्ये या योजनेत निवडलेल्या १०६ जणांपैकी प्रारंभी केवळ ४० जणांनाच तात्पुरती मंजुरीपत्रे देण्यात आली. उरलेल्यांची पत्रे निधीच्या उपलब्धतेवर अवलंबून ठेवण्यात आली. प्रवेशाची अनामत भरण्याची मुदत तोपर्यंत येऊन ठेपलेली असते. अशा वेळी हातात दुसरी सोय हवी.

निबंध आणि शिफारसपत्रे

गुणपत्रिका सर्वांच्याच चांगल्या असतात. म्हणून निवड बहुतांशी अर्जातील निबंधांवर होते. येथे आपल्याकडील मुले एक चूक वारंवार करतात. ‘मला लहानपणापासून पर्यावरणाची आवड आहे’ असे वाक्य हजारो अर्जांत असते. त्याऐवजी, समजा, इंदिरानगरहून फार दूर नसलेल्या बेळ्ळंदूर तलावावर एखाद्या अभियंत्याने दोन वर्षे काम केले आहे. या तलावाच्या पृष्ठभागाला २०१५ व २०१७ साली आग लागली होती. तेथे येणारे सांडपाणी कोठून येते, त्याचे मोजमाप त्याने कसे केले, कोणत्या टप्प्यावर त्याचे ज्ञान अपुरे पडले, आणि ती उणीव अमुक विद्यापीठातील अमुक अभ्यासक्रम कशी भरून काढतो, हे त्याने लिहिले तर परीक्षकाला माणूस दिसू लागतो. डाडच्या विकासविषयक अभ्यासक्रमांना दोन वर्षांचा अनुभव अपेक्षित असतो, तो याचसाठी. पदवीनंतर लगेच जाण्याची घाई न करता दोन वर्षे नोकरी करणे हे कित्येकदा वेळ वाया घालविणे नसून अर्जाची तयारी असते.

शिफारसपत्र विद्यार्थ्याने स्वतःच लिहून आणावे व प्राध्यापकांनी सही करावी, ही आपल्या महाविद्यालयांतील रूढी या कामी घातक ठरते. तीन पत्रांची भाषा एकसारखी निघाली की परीक्षकाच्या ते ध्यानात येतेच. प्राध्यापकांना दोन महिने आधी सांगावे, आपल्या कामाचे टिपण द्यावे आणि लिहिण्याचे काम त्यांच्यावर सोपवावे. चेवनिंग, डाड किंवा शासकीय योजना यांच्या अर्जाला शुल्क नसते. निवड करून देतो म्हणून पैसे मागणारा, किंवा शिष्यवृत्ती जमा करावयाची आहे म्हणून खात्याचा गुप्त संकेतांक विचारणारा, ठगच समजावा.

बँकेकडे केव्हा यावे

शिष्यवृत्तीचा निकाल लागण्याची वाट न पाहता, अर्ज केल्यानंतर लगेच. शैक्षणिक कर्जाची तत्त्वतः मंजुरी घेऊन ठेवल्याने कर्ज उचललेच पाहिजे असे नाही. निकाल प्रतिकूल लागला वा लांबला तर धावपळ वाचते. परदेशी शिक्षणाच्या चार लाखांवरील कर्जात साधारणपणे १५ टक्के रक्कम विद्यार्थ्याने स्वतः उभारावयाची असते, आणि भारतीय बँक संघाच्या आदर्श योजनेप्रमाणे मिळालेली शिष्यवृत्ती या स्वतःच्या वाट्यात धरता येते. अपुरी शिष्यवृत्ती मिळाली म्हणून निराश होणाऱ्या पालकांना ही तरतूद बहुधा ठाऊक नसते. शुल्काचा मोठा भाग शिष्यवृत्तीने उचलला आणि केवळ निर्वाहाची तूट उरली, तर साडेसात लाखांच्या आतील कर्ज पुरते व घर तारण ठेवण्याचा प्रश्न बऱ्याच वेळा उद्भवतच नाही. शिक्षणाच्या खर्चासाठी मिळालेली शिष्यवृत्ती प्राप्तिकरातूनही मुक्त असते.

निघण्यापूर्वीच्या धांदलीत एक काम हटकून राहून जाते. शिक्षणासाठी परदेशी गेलेला विद्यार्थी परकी चलन कायद्याच्या दृष्टीने अनिवासी ठरतो, असे रिझर्व्ह बँकेने २००३ मध्येच स्पष्ट केले आहे. त्यामुळे त्याचे येथील साधे बचत खाते अनिवासी सामान्य खात्यात बदलून घ्यावे लागते. त्यासाठी पारपत्र, प्रवेशपरवाना आणि परदेशातील पत्त्याचा पुरावा लागतो. खात्याशी जोडलेला भारतीय भ्रमणध्वनी क्रमांकही चालू ठेवावा. तो बंद पडला, तर म्युनिकमध्ये बसलेल्या मुलाला पाठविलेला संकेतांक मिळणार नाही आणि बदललेला क्रमांक नोंदविण्यासाठी इंदिरानगरच्या शाखेत त्याच्या आईच्या सहीने काम भागणार नाही.