वेबपानावरील वाचनकाळ : मापनाचे स्वरूप व मर्यादा

छापील ग्रंथ एकदा वाचकाच्या हाती गेला की, त्याने कोणत्या पानावर किती वेळ घालविला हे जाणण्याचे साधन लेखकापाशी वा प्रकाशकापाशी उरत नाही. संकेतस्थळावरील मजकुराविषयी मात्र हे ज्ञान अगदी सेकंदापर्यंत उपलब्ध होते, असा सार्वत्रिक समज आहे. ‘पानावर घालविलेला सरासरी वेळ’ या नावाखाली येणाऱ्या आकड्यावरून लेखांची प्रतवारी होते, सदरे चालू राहतात वा बंद पडतात. आणि ऑनलाइन नियतकालिकांच्या वाचकवर्गाचा अभ्यास करणाऱ्या संशोधकासही तोच आकडा वाचनाचा पुरावा म्हणून पुढे करण्याचा मोह होतो. यास्तव हा आकडा मुळात कोणत्या दोन क्षणांमधील अंतर मोजतो, याची छाननी आवश्यक ठरते.

मराठीत ‘वेळ’ हा शब्द दोन लिंगांत चालतो. ‘ती वेळ’ म्हणजे घड्याळातील एक क्षण, आणि ‘तो वेळ’ म्हणजे दोन क्षणांमधील अवधी. प्रस्तुत विषयाच्या आकलनास हा भेद फार उपयोगी आहे. ब्राउझरने पानाची मागणी केली की सर्व्हर ते पान धाडतो आणि त्या मागणीची नोंद करतो. पान पोचल्यावर पुढे काय झाले हे त्यास कळण्याचे कारण नाही. म्हणजे मूळ नोंदीत केवळ ‘ती वेळ’ असते. ‘तो वेळ’ पुढच्या मागणीच्या वेळेतून आधीच्या मागणीची वेळ वजा करून काढला जातो.

एक उदाहरण घेऊ. एक वाचक सकाळी १० वाजता मुखपृष्ठ उघडतो, १० वाजून २ मिनिटांनी अनुक्रमणिकेकडे वळतो, १० वाजून ३ मिनिटांनी एक दीर्घ लेख उघडतो, तो १४ मिनिटे मनःपूर्वक वाचतो आणि खिडकी बंद करतो. वजाबाकीच्या हिशेबात मुखपृष्ठास २ मिनिटे व अनुक्रमणिकेस १ मिनिट मिळते. लेखानंतर चौथी मागणीच आलेली नसल्यामुळे त्याच्या वाट्यास शून्य येते. १७ मिनिटांची भेट ३ मिनिटांची ठरते, आणि ज्या पानासाठी वाचक आला तेच नेमके न वाचलेले ठरते. एकच पान वाचून परतणाऱ्याची तर संपूर्ण भेटच शून्य सेकंदांची.

या शून्याचे स्वरूप भाषाभ्यासकाने विशेष लक्षपूर्वक पाहावे. पाणिनीय परंपरेतील लोप अथवा आधुनिक रूपविचारातील शून्य प्रत्यय यांना व्यवस्थेत निश्चित स्थान असते. इतर प्रत्ययांच्या विरोधात त्यांचा अभावच अर्थवाही होतो. येथील शून्याला असे कोणतेही मूल्य नाही. ते ‘ठाऊक नाही’ या विधानाच्या जागी लिहिलेले आहे. आणि एकदा अंक म्हणून लिहिले गेले की ते बेरजेत व भागाकारात निमूटपणे शिरते.

त्यातून निघणारी विसंगती मोठी चमत्कारिक आहे. गूगल अॅनालिटिक्स ही सेवा २००५ साली सुरू झाली. तिच्या जुन्या पद्धतीत पानाची सरासरी काढताना शेवटची पाने छेदातून वगळली जात. भेटीची सरासरी काढताना मात्र शून्य कालावधीच्या भेटीही धरल्या जात. वरील वाचकाबरोबर एकेकच पान वाचून गेलेले आणखी तीन वाचक कल्पिले, तर नोंदलेला एकूण वेळ ३ मिनिटेच राहतो. चार भेटींची सरासरी ४५ सेकंद येते. पाने एकूण सहा. त्यांपैकी चार शेवटची म्हणून वगळली की पानाची सरासरी ९० सेकंद होते. संपूर्ण भेट पाऊण मिनिटाची आणि तिच्यातील प्रत्येक पान दीड मिनिटाचे, असा हा हिशेब! दोन्ही आकडे आपापल्या व्याख्येनुसार बिनचूक असतात, हे येथे ध्यानात ठेवावयास हवे.

उलट दिशेचा दोषही आहे. वाचक पान उघडे टाकून चहास गेला आणि वीस मिनिटांनी परत येऊन दुसऱ्या दुव्यावर गेला, तर ती वीस मिनिटे वाचनाच्या खाती जमा होतात. यावर उपाय म्हणून ३० मिनिटे हालचाल न झाल्यास भेट संपली असे मानण्याचा संकेत रूढ झाला. तो सोयीचा आहे. वाचनाच्या कोणत्याही सिद्धान्तातून तो निघालेला नाही.

पुढे मापनाची जागा सर्व्हरकडून ब्राउझरकडे सरकली. पान डोळ्यांसमोर आहे की दुसऱ्या टॅबमागे दडले आहे, हे कळविण्याची प्रमाणित सोय २०१३ साली वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्टियमने मान्य केली. चार्टबीटसारख्या सेवा वाचकाने अलीकडच्या काही सेकंदांत पान सरकविले का, माउस वा कळफलक वापरला का, हे पाहून ‘सक्रिय’ वेळ मोजतात. गूगलच्या नव्या पद्धतीत पान पडद्यावर समोर असल्याचा काळ धरला जातो. जुन्या पद्धतीने नव्या नोंदी घेणे १ जुलै २०२३ पासून थांबले. त्यामुळे या तारखेच्या अलीकडील व पलीकडील आकडे एकाच आलेखात जोडणे सर्वथा अयोग्य होय. नव्या मापनातही समोर असणे म्हणजे वाचणे नव्हे. शिवाय हालचालीवर आधारलेल्या मापनात एक सूक्ष्म पक्षपात आहे : अवघड परिच्छेदावर थबकून, हात न हलविता विचार करणारा वाचक निष्क्रिय ठरण्याचा संभव असतो, आणि नुसता भरभर खाली जाणारा सक्रिय ठरतो.

सरासरी हीदेखील येथे कुचकामाची आहे. लिऊ, व्हाइट व ड्यूमे या मायक्रोसॉफ्टमधील संशोधकांनी २०१० साली दोन लाखांहून अधिक पानांवरील थांबण्याचा काळ तपासला. यंत्रांचे भाग किती काळाने निकामी होतात हे वर्णिण्यासाठी वापरली जाणारी वायबुलची वितरणरेषा त्यांनी या काळास लावून पाहिली. यंत्राचा भाग जुना होतो तसा बहुधा अधिक धोक्यात येतो, ९८.५ टक्के पानांच्या बाबतीत त्यांना नेमके उलट आढळले. पान सोडून जाण्याचा धोका आरंभी सर्वाधिक असतो, आणि वाचक जितका अधिक थांबेल तितका तो कमी होत जातो. पुष्कळ जण काही क्षणांत परततात आणि थोडे दीर्घकाळ रेंगाळतात. अशा समुदायाची सरासरी या दोहोंपैकी कोणाचेच वर्णन करीत नाही; मध्यांक आणि वितरणाचा आकार पाहणेच श्रेयस्कर.

मिळालेला काळ वाचनाचा मानावयाचा, तर तो मजकूर वाचण्यास लागणाऱ्या अपेक्षित काळाशी ताडून पाहावा लागतो, आणि येथे मराठीच्या अभ्यासकापुढे स्वतंत्र अडचण उभी राहते. ब्रिसबार्ट यांनी २०१९ साली अनेक अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण करून इंग्रजी ललितेतर गद्याच्या मूकवाचनाचा वेग मिनिटास सरासरी २३८ शब्द असा दिला. हा वेग मराठीस जसाच्या तसा लावता येत नाही. ‘शेजाऱ्यांकडूनसुद्धा’ हा मराठीत एकच शब्द. इंग्रजीत तोच आशय तीनचार शब्दांत विखुरतो. सामान्यरूप, विभक्ती, शब्दयोगी अव्यये हे सारे एका शब्दात सामावत असल्याने सारख्याच आशयाचा मराठी मजकूर शब्दसंख्येने आखूड भरतो. मग इंग्रजी वेगाने काढलेला अपेक्षित काळही आखूड येतो, आणि मराठी वाचक मंद तरी भासतो अथवा अवास्तव तन्मय तरी. लेखाची लांबी अक्षरसंख्येत मोजल्यास ही अडचण पुष्कळ कमी होते. मात्र जोडाक्षरांचा भार त्यातही वेगळा धरावा लागेल, आणि तो किती हे प्रयोगशाळेत दृष्टिमापक यंत्रापुढे बसविलेल्या वाचकांवरूनच ठरवावे लागेल.