प्रत्यक्ष स्थानकाची चालती प्रतिकृती : नेरळच्या उदाहरणाने

एखाद्या प्रत्यक्ष रेल्वेस्थानकाचे मोजमाप घेऊन, ते निश्चित प्रमाणात लहान करून, रूळ, फलाट, इमारती आणि धावत्या गाड्यांसह पुन्हा उभे करणे ही प्रतिकृती-रेल्वेच्या छंदाची सर्वांत कष्टसाध्य शाखा होय. भूमापन, स्थापत्य, सुतारकाम, विद्युत्‌जोडणी, रंगकाम आणि स्थानिक इतिहास या साऱ्यांचे ज्ञान तिच्यात एकत्र येते. या शाखेचे स्वरूप, तिची परंपरा आणि तिची कार्यपद्धती यांचा परिचय येथे मुंबई–पुणे मार्गावरील नेरळ जंक्शनच्या उदाहरणाने करून दिला आहे.

वर्गीकरण

प्रतिकृती-रेल्वेच्या संपूर्ण मांडणीला जगभर ‘लेआउट’ म्हणतात. अशा मांडण्यांचे तीन वर्ग पाडता येतात. पहिल्या वर्गात काल्पनिक मांडण्या येतात; त्यांतील गाव, स्थानक आणि भूप्रदेश रचनाकाराच्या मनातून उतरलेले असतात. भाऊ जोशी यांच्या आयुष्यभराच्या परिश्रमांतून उभे राहिलेले आणि १९९८ पासून लोकांसाठी खुले असलेले पुण्याच्या कोथरूडमधील लघुरेल्वे संग्रहालय या वर्गाचे महाराष्ट्रातील सर्वपरिचित उदाहरण आहे. दुसरा वर्ग संमिश्र मांडण्यांचा. इंग्लंडमधील ऑक्सफर्डशायरच्या पेंडन संग्रहालयात गाव काल्पनिक आहे, पण त्यातील घरे प्रत्यक्ष मोजून घेतलेल्या घरांच्या प्रतिकृती आहेत. तिसरा वर्ग यथातथ्य मांडण्यांचा. लंडनच्या मॉडेल रेल्वे क्लबने किंग्ज क्रॉस स्थानकाच्या प्रवेशमार्गावरील परिसर ‘कोपनहेगन फील्ड्स’ या नावाने साकारला आहे. ही या वर्गातील एक मान्यवर कृती आहे. प्रत्यक्ष स्थानकावरील मांडणी या तिसऱ्या वर्गात मोडते.

परंपरा

आगगाडीची खेळणी रेल्वेच्या आरंभकाळापासूनच बनत होती. परंतु त्यांना परस्परांशी जुळणारी मापे नव्हती. जर्मनीतील मेर्कलिन कंपनीने १८९१ मध्ये लाइपझिगच्या जत्रेत प्रमाणित मापांचे रूळ मांडले आणि डबे, इंजिने व रूळ टप्प्याटप्प्याने वाढवत नेण्याची सोय झाली. १९३५ च्या सुमारास १६.५ मिलिमीटर अंतराच्या रुळांवरील लहान विद्युत् गाड्या जर्मनीत बाजारात आल्या आणि ही मांडणी घरातील मेजावर मावू लागली. १९६० च्या दशकाच्या आरंभी ९ मिलिमीटरचे, तर १९७२ मध्ये ६.५ मिलिमीटरचे रूळ प्रचारात आले. भारतात राजघराण्यांनाही लघुरेल्वेचे आकर्षण होते. ग्वाल्हेरच्या जयविलास राजवाड्यात शिंदे घराण्याची चांदीची गाडी मेजवानीच्या मेजावरून पाहुण्यांपर्यंत पेये व सिगार पोहोचवीत असे.

खेळण्याचे रूपांतर ऐतिहासिक नोंदीत होण्यास एक वेगळी प्रेरणा कारणीभूत ठरली. पेंडन संग्रहालयाचे संस्थापक रॉय इंग्लंड हे मूळचे ऑस्ट्रेलियाचे. १९२० च्या दशकात इंग्लंडमध्ये आल्यावर तेथील जुनी गवताच्छादित घरे झपाट्याने बदलत असल्याचे त्यांनी पाहिले आणि ती नाहीशी होण्यापूर्वी प्रतिकृतीच्या रूपाने जपण्याचा निश्चय केला. प्रतिकृती हे स्मृतिरक्षणाचे साधन आहे, हा विचार त्यांच्या कार्यामुळे दृढ झाला.

प्रमाण आणि गेज

प्रतिकृतीच्या शास्त्रात दोन संज्ञा वेगळ्या ठेवाव्या लागतात. मूळ वस्तू कितीपट लहान केली ते ‘प्रमाण’, तर दोन रुळांच्या आतल्या कडांमधील अंतर म्हणजे ‘गेज’. सर्वाधिक प्रचलित एचओ प्रमाण १:८७ आहे. युरोप-अमेरिकेतील १,४३५ मिलिमीटरचे प्रमाणित गेज ८७ ने भागले की १६.५ मिलिमीटर येतात आणि हिशेब चोख जुळतो. ब्रिटनमधील ओओ प्रमाण १:७६.२ असूनही त्याच्या गाड्या त्याच १६.५ मिलिमीटर रुळांवर धावतात. त्यामुळे तेथील रूळ वास्तवापेक्षा अरुंद दिसतात. एन प्रमाणाचे गेज ९ मिलिमीटर असून ते युरोप-अमेरिकेत १:१६०, जपानमध्ये १:१५० आणि ब्रिटनमध्ये १:१४८ असे वापरले जाते.

भारतीय ब्रॉडगेज १,६७६ मिलिमीटरचे आहे. १:८७ प्रमाणात ते १९.३ मिलिमीटर भरते आणि या मापाचे तयार रूळ बाजारात सहजी मिळत नाहीत. म्हणून बहुतेक भारतीय छंदिष्ट डबे १:८७ चे ठेवून रूळ १६.५ मिलिमीटरचे वापरतात. हे अंतर कोणत्याही कसबाने लपत नाही. ते जाणीवपूर्वक स्वीकारायचे, की स्वतः रूळ घडवायचे, हा पहिला निर्णय प्रत्येकाला कागदावर रेघ ओढण्यापूर्वीच घ्यावा लागतो.

नेरळची योग्यता

ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेचा कल्याणपुढील मार्ग १८५६ मध्ये खोपोलीपर्यंत पोहोचला. नेरळ या मार्गावर आहे. पुढे आदमजी पीरभॉय यांच्या आर्थिक पाठबळावर त्यांचे पुत्र अब्दुल हुसेन यांनी नेरळ ते माथेरान हा सुमारे २१ किलोमीटरचा डोंगरी मार्ग बांधला आणि १९०७ मध्ये तो सुरू झाला. या मार्गाचे गेज केवळ ६१० मिलिमीटर, म्हणजे दोन फूट आहे. एकाच स्थानकात देशातील सर्वांत रुंद आणि सर्वांत अरुंद असे दोन्ही लोहमार्ग शेजारी नांदतात. लोकल, एक्सप्रेस आणि डोंगरगाडी यांचा असा संगम प्रतिकृतिकाराला क्वचितच लाभतो.

नेरळच्या बाजूने आणखी एक सबळ कारण आहे. घरगुती मांडणीतील सर्वांत मोठी तडजोड वळणांची असते. बाजारातील नेहमीच्या वळणाची त्रिज्या ४४ सेंटिमीटरच्या आसपास असते. ८७ पटीने ती सुमारे ३८ मीटर होते. प्रत्यक्षात भारतीय ब्रॉडगेजवर १७५ मीटरपेक्षा तीव्र वळण सहसा घेतले जात नाही आणि १:८७ मध्ये त्यासाठी दोन मीटर त्रिज्या लागते. माथेरानच्या मार्गावरील तीव्रतम वळणे मात्र ६० फूट, म्हणजे सुमारे १८ मीटर त्रिज्येची आहेत. प्रमाणात ती २१ सेंटिमीटरची होतात आणि लहानशा फळीवरही जशीच्या तशी बसतात. ब्रॉडगेजच्या बाबतीत जे सोडून द्यावे लागते, ते डोंगरी रेल्वेच्या बाबतीत पूर्णपणे साधता येते.

दोन गेजांची सांगड हा येथील खरा कूटप्रश्न आहे. ६१० मिलिमीटरचे गेज १:८७ मध्ये ७ मिलिमीटर होते. ९ मिलिमीटरचे रूळ त्यासाठी फारच रुंद ठरतात, ६.५ मिलिमीटरचे रूळ पुष्कळ जवळ जातात. प्रत्यक्षात ब्रॉडगेज हे नॅरोगेजच्या पावणेतीनपट रुंद आहे, १६.५ आणि ६.५ यांचे गुणोत्तर अडीचपटीहून किंचित अधिक येते. दोन्ही रूळ थोडे अरुंद असले तरी त्यांचे परस्परनाते टिकते, आणि दोन गेज शेजारी असलेल्या स्थानकात पाहणाऱ्याच्या डोळ्यांना हे नातेच प्रथम जाणवते.

सर्वेक्षण

कामाचा आरंभ स्थळाच्या नोंदीने होतो. उपग्रहचित्रावरून मार्गांची, फलाटांची आणि सांध्यांची रूपरेषा काढता येते. त्यानंतर छायाचित्रणाचे रेल्वेचे नियम पाळून प्रत्येक इमारतीची समोरून व बाजूने छायाचित्रे घ्यावीत. रुळांत उतरून मोजणी करणे धोकादायक आणि बेकायदा आहे. त्याची गरजही नाही. ज्ञात मापे हीच मोजपट्टी होते. छायाचित्रात रूळ दिसत असेल तर १,६७६ मिलिमीटरचे अंतर हाताशी असते. पारंपरिक आयसीएफ डबा उभा असेल तर बफरांसह सुमारे २२.३ मीटर लांबी मिळते. स्लीपरांची घनता किलोमीटरला १,६६० असेल तर दोन स्लीपरांत सुमारे ६० सेंटिमीटर अंतर येते. म्हणजे स्लीपर मोजूनही लांबी काढता येते.

कालखंडाची निश्चिती

स्थानक काळाबरोबर बदलते, म्हणून मांडणीचा कालखंड आधी ठरवावा लागतो. वाफेचा काळ निवडल्यास माथेरानसाठी जर्मनीच्या ओरेनश्टाइन उंड कोप्पेल कंपनीने घडविलेली सहाचाकी इंजिने हवीत. त्यांच्या टोकाच्या आसांना क्लीन-लिंडनर रचनेमुळे वळणावर बाजूला सरकण्याची मुभा होती आणि म्हणूनच ती तीव्र वळणे घेऊ शकत. १९५० च्या दशकाच्या मध्यावर जर्मनीच्या आर्नोल्ड युंग कंपनीची डिझेल इंजिने आली आणि पुढे वाफेची जागा त्यांनी घेतली. ब्रॉडगेजवर १९२९-३० च्या सुमारास १,५०० व्होल्ट एकदिश प्रवाहाचे विद्युतीकरण झाले आणि १९३० मध्ये दख्खनची राणी धावू लागली. कालांतराने तेथे २५ किलोव्होल्ट प्रत्यावर्ती प्रवाह आला. एकदिश आणि प्रत्यावर्ती प्रवाहाच्या काळांतील तारा, खांब, इंजिने आणि लोकल यांचे रूप वेगळे आहे. त्यांची सरमिसळ झाली तर अभ्यासपूर्ण मांडणीचा पाया ढासळतो.

संक्षेपाची कला

कोणतेही स्थानक पूर्णांशाने घरात मावत नाही. चोवीस डब्यांची एक्सप्रेस १:८७ मध्ये सहा मीटरहून अधिक लांब होते, बारा डब्यांची लोकल सुमारे तीन मीटर. नेरळ ते माथेरान मार्ग २४० मीटर लांब आणि त्याचा चढाव आठ मीटरहून उंच होईल. म्हणून काय ठेवायचे आणि काय गाळायचे याचा विवेक हा या कलेचा गाभा ठरतो. फलाटाची लांबी घटवता येते, पण रुंदी आणि उंची घटवू नये. सारख्या कमानी आठाऐवजी पाच करता येतात, पण एका कमानीचे माप बदलू नये. सांध्यांचा क्रम, गाड्यांच्या हालचालींचे तर्कशास्त्र आणि दोन गेजांचे परस्परस्थान हे मात्र अबाधित राहिले पाहिजे. दूरच्या डोंगरासाठी कृत्रिम यथार्थदर्शन वापरावे : मागच्या बाजूची झाडे व घरे क्रमाने लहान करीत नेल्यास थोड्या खोलीतही सह्याद्रीचा विस्तार जाणवतो. ‘कोपनहेगन फील्ड्स’मध्ये हेच तंत्र योजलेले आहे.

बांधणी

मांडणीचा तळ हलवता येणाऱ्या चौकटींचा असावा. कोकणपट्टीच्या दमट हवेत लाकूड फुगते, म्हणून जलरोधक प्लायवूड घेऊन त्याच्या दोन्ही बाजू आणि कडा रंगाने बंद कराव्यात. त्यावर कॉर्कचा थर, त्यावर रूळ आणि नंतर खडी असा क्रम असतो. बारीक खडी पसरून तिच्यावर पाणी व पातळ डिंक सोडतात. पाण्यात भांडी घासण्याच्या द्रावणाचा एखादा थेंब मिसळला की डिंक खडीत सहज झिरपतो. रुळाची उंचीही पाहावी लागते. ६० किलोग्रॅम वर्गाचा भारतीय रूळ १७२ मिलिमीटर उंच असतो; प्रमाणात तो दोन मिलिमीटरच्या किंचित आत भरतो. त्यामुळे ०.०७५ इंच उंचीचा तयार रूळ त्याला जवळपास अचूक जुळतो. नॅरोगेजचा रूळ याहून ठळकपणे हलका दिसला पाहिजे.

इमारतींसाठी जाड कागद, प्लास्टिकचे पातळ तक्ते किंवा त्रिमितीय मुद्रण वापरतात. उंच फलाट प्रमाणात नऊ-दहा मिलिमीटरचा होतो. विद्युत् तार रुळापासून ६३ मिलिमीटरच्या आसपास येते. रंगकाम निरीक्षणावर उभे असते. ब्रेकच्या भुकटीने तांबूस झालेली खडी, पावसाळ्यानंतर भिंतींवर चढलेले काळपट शेवाळ, रुळांच्या बाजूंवरील गंज आणि वापराने लखलखणारा माथा यांच्या नोंदीविना नेरळ ओळखू येणार नाही.

संचालन

गाड्यांना साधारणतः १२ व्होल्ट एकदिश प्रवाह रुळांतून दिला जातो. अंकीय नियंत्रणपद्धतीत प्रत्येक इंजिनाला स्वतंत्र संकेतांक असतो, त्यामुळे एकाच मार्गावर अनेक गाड्या वेगवेगळ्या चालविता येतात. स्थानकापलीकडचे जग दाखविण्यासाठी पडद्यामागे एक यार्ड ठेवतात. मुंबईकडून आलेली लोकल तेथे थांबते आणि कर्जतकडून पुन्हा प्रवेश करते. वेगही प्रमाणातच हवा. ताशी १२ किलोमीटरने चढणारी डोंगरगाडी १:८७ मध्ये सेकंदाला चार सेंटिमीटरहूनही कमी अंतर कापते. शेजारून ताशी १०० किलोमीटरने जाणारी एक्सप्रेस ३२ सेंटिमीटर कापते. दोन्ही वेग सांभाळले तरच नेरळचा स्वभाव मांडणीत उतरतो. प्रत्यक्ष वेळापत्रकानुसार गाड्या चालविल्या की सांधे, थांबे आणि जोडगाड्या तशाच का रचल्या आहेत याचे उत्तर आपोआप मिळत जाते.

उपयोग

अशा मांडणीचे शैक्षणिक मूल्य मोठे आहे. भूमिती, विद्युत्‌शास्त्र आणि यंत्रशास्त्र येथे एकाच विषयाभोवती शिकता येतात. संकेतप्रणालीचे आणि वाहतूक-नियमनाचे तत्त्व समजून घेण्यास यापेक्षा सुबोध साधन क्वचितच सापडेल. परंतु सर्वांत स्थायी उपयोग दस्तऐवजाचा आहे. एव्हरार्ड कॅलथ्रॉप यांनी आखलेली आणि १८९७ मध्ये सुरू झालेली ७६२ मिलिमीटर गेजची बार्शी लाइट रेल्वे आता पूर्णपणे ब्रॉडगेज झाली आहे. गोव्याचा मुरगावपर्यंतचा मीटरगेज मार्गही १९९० च्या दशकात बदलला. त्या मार्गांवरील स्थानकांचे यार्ड, पाण्याचे खांब आणि शेड यांचे रूप आता जुन्या आराखड्यांतून, छायाचित्रांतून आणि कर्मचाऱ्यांच्या स्मृतीतूनच जुळवावे लागते.

नेरळ अजून डोळ्यांसमोर आहे. अतिवृष्टीने अनेकदा खंडित झालेली माथेरानची गाडी दुरुस्तीनंतर पुन्हा सुरू झाली आहे. म्हणून मांडणी उभारणाऱ्याने तिच्यासोबत एक नोंदवही अवश्य ठेवावी : कोणते माप कोठून घेतले, कोणते अनुमानाने ठरविले, काय संक्षिप्त केले आणि कशासाठी. ही वही आणि छायाचित्रे गावच्या ग्रंथालयात किंवा शाळेत जमा झाली, तर पुढील अभ्यासकाला त्या स्थानकाचा विश्वसनीय पुरावा लाभेल आणि एका व्यक्तीच्या छंदाचे श्रम साऱ्या गावाच्या उपयोगी पडतील.