कार्यक्रमाआधी हॉटेलात, सगळ्यांसोबत

रस्त्याला नवे हॉटेल उघडले की हट्ट्यासारख्या गावात त्याची चर्चा होतेच. ‘फॅमिली रूम’ आहे का, राइसप्लेट केवढ्याला, शेवभाजी कशी असते, हे विचारले जाते. वसमत, परभणी किंवा नांदेडला नाटक वा गायनाचा कार्यक्रम असला, की जाताना तिथे जेवूनच पुढे जाऊ असा बेत घराघरांत ठरतो. मजुरी करणाऱ्या कुटुंबाला असा दिवस वर्षातून एकदोनदाच मिळतो. म्हणून त्यामागचा इतिहास मुलाबाळांना माहीत असावा.

1901 साली बाबासाहेब नऊ-दहा वर्षांचे होते. वडिलांना भेटायला ते भाऊ आणि भाच्यांसोबत कोरेगावला निघाले आणि मसूर स्टेशनवर उतरले. पुढच्या बैलगाडीच्या प्रवासात जवळ डबाभर जेवण होते, पण वाटेत कोणी पाणी दिले नाही. पाण्यावाचून घास उतरेना. जेवण असूनही मुले रात्री उपाशी झोपली. पुढे 1917 मध्ये परदेशात शिकून आलेल्या बाबासाहेबांना बडोद्यात राहायला जागा मिळेना. एका पारशी विश्रामगृहात ते राहिले, तर जात कळताच लाठ्या घेतलेल्या माणसांनी त्यांना बाहेर काढले. म्हणजे विद्या मिळाली, पगाराची नोकरी मिळाली, तरी दार बंदच राहिले.

त्याच काळात कोल्हापुरात वेगळे घडत होते. राजर्षी शाहू महाराजांनी 1912 मध्ये खासबागचे कुस्ती मैदान आणि 1915 मध्ये पॅलेस थिएटर उभे केले. ते थिएटर पुढे केशवराव भोसले नाट्यगृह म्हणून ओळखले गेले. त्याच कोल्हापुरात गंगाराम कांबळे या अस्पृश्य नोकराला पाण्याला शिवला म्हणून मारहाण झाली. महाराजांनी मारणाऱ्यांना शिक्षा केली आणि गंगारामला स्वतःचा धंदा काढायला मदत केली. गंगारामने चहाचे हॉटेल उघडले. त्याचे नाव ‘सत्यसुधारक’.

हॉटेल नवे होते, पण गिऱ्हाईक येईना. अस्पृश्याच्या हातचा चहा कोण पिणार? तेव्हा महाराज आपला खडखडा हॉटेलपाशी थांबवू लागले आणि सर्वांसमक्ष गंगारामचा चहा पिऊ लागले. सोबतच्या मंडळींनाही तो घ्यावा लागे. एका कप चहाने जे झाले, ते नुसत्या भाषणांनी झाले नसते. मात्र महाराजांची मर्जी हा कायदा नव्हता. 1922 मध्ये ते गेले. राजा चांगला असेल तोवर दार उघडे, ही स्थिती टिकाऊ नसते.

टिकाऊ काम संविधानाने केले. कलम 15 वाचून पाहा. दुकाने, सार्वजनिक उपाहारगृहे, हॉटेले आणि सार्वजनिक करमणुकीची ठिकाणे यांत धर्म, वंश, जात, लिंग वा जन्मस्थान यावरून कोणालाही अडवता येत नाही. जेवण आणि खेळ, दोन्ही एकाच वाक्यात आले आहेत. 1955 च्या नागरी हक्क संरक्षण कायद्याने तर अस्पृश्यतेवरून हॉटेलात प्रवेश नाकारणे आणि तिथली भांडी वापरू न देणे हाही गुन्हा ठरवला. चहाचा वेगळा कप ठेवणे ही ‘गावची रीत’ नव्हे, तो गुन्हा आहे. असे दिसले तर साक्षीदारांची नावे लिहून घ्यावीत आणि पोलीस ठाण्यात लेखी तक्रार द्यावी.

आता बेताविषयी. कार्यक्रमाच्या दीड-दोन तास आधी हॉटेलात पोहोचावे. बसण्याआधी दरपत्रक मागून घ्यावे. भाव विचारण्यात कमीपणा नाही. लहान मुलांसाठी तिखट कमी करायला आधीच सांगावे. बिल आले की बेरीज स्वतः करावी, नाहीतर शाळेत जाणाऱ्या मुलीला करायला द्यावी. बिलात ‘सर्व्हिस चार्ज’ लावला असेल तर तो देणे सक्तीचे नाही, हे लक्षात ठेवावे. पोटभर पण हलके खावे, नाहीतर पहिल्याच गाण्याला डोळे मिटतात. परतीची शेवटची एसटी कधी आहे, हे निघतानाच विचारून ठेवावे.

आणि घरच्या माऊलीला त्या दिवशी वाढायला उठू देऊ नये. इतर दिवशी ती सगळ्यांच्या शेवटी जेवते. हॉटेलात पहिले ताट तिच्यापुढे यावे.