पहिलं व्हायोलिन घेताना पैसे कशावर घालावेत?

हार्मोनियमची पट्टी दाबली की सूर तयार मिळतो. गिटारला पडदे असतात, त्यामुळे बोट थोडं मागेपुढे पडलं तरी निभावतं. व्हायोलिनला पडदे नाहीत. प्रत्येक सूर बोटाने शोधायचा आणि तो लागला की नाही, हे कानानेच ठरवायचं. नवशिक्याचा कान ज्या वाद्यावर घडणार, ते वाद्य निदान सुरात टिकणारं हवं. खरेदीच्या वेळी मात्र आपलं लक्ष वेगळीकडेच जातं : चकाकणारं पॉलिश, आतल्या चिठ्ठीवरचं नाव, वाद्याचं वय. बजेट बेताचं असेल, तर या तिन्ही गोष्टी बाजूला ठेवून पैसा वाद्याच्या जुळवणीवर घालावा, असं माझं ठाम मत आहे.

जुळवणीला एवढं महत्त्व का, ते व्हायोलिनच्या रचनेतच दिसतं. तारा ज्यावर टेकतात तो ब्रिज आणि पोटात उभी असलेली साउंड पोस्ट नावाची लाकडी काडी, दोन्ही डिंकाने चिकटवलेली नसतात. दाबाने आणि नेमक्या बसवणुकीने ती जागेवर राहतात. काडी जराशी सरकली तरी आवाज बदलतो. ब्रिज उंच राहिला, तर तारा दाबताना बोटं दुखतात आणि सूर चढा लागतो. पूर्ण आकाराच्या व्हायोलिनवर फिंगरबोर्डच्या टोकाशी सर्वांत जाड तार सुमारे पाच-साडेपाच मिलिमीटर आणि सर्वांत बारीक तार तीन-साडेतीन मिलिमीटर उंच असावी, असा साधारण प्रघात आहे. खुंट्या नीट बसवलेल्या नसतील, तर पावसाळ्यात लाकूड फुगून त्या अडकतात आणि कोरड्या हवेत घसरतात. मग शिकणाऱ्याची निम्मी तालीम तारा लावण्यातच जाते. घरपोच आलेल्या स्वस्त संचात तर ब्रिज बरेचदा आडवा ठेवलेला असतो. तो कुठे आणि कसा उभा करायचा, हे नवशिक्याला ठाऊक असण्याचं कारणच नाही.

नावाचं म्हणाल, तर ‘स्ट्रॅडिव्हेरियस’ अशी चिठ्ठी असलेली व्हायोलिनं जगभर पडून आहेत. एकोणिसाव्या आणि विसाव्या शतकात युरोपातल्या कारखान्यांनी नमुन्याचं नाव म्हणून ती चिठ्ठी सर्रास लावली. माळ्यावर असं वाद्य सापडलं, म्हणजे घबाड हाती लागलं असं नव्हे. वयाचंही तसंच. 2010 मध्ये अमेरिकेतल्या इंडियानापोलिस इथे संशोधक क्लॉडिया फ्रित्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 21 वादकांना दिसणार नाही अशा रीतीने जुनी आणि नवी व्हायोलिनं वाजवायला दिली. बहुतेकांनी नवं वाद्य पसंत केलं आणि सर्वांत कमी पसंती एका स्ट्रॅडिव्हेरियसला मिळाली. ती नवी वाद्यं उत्तम कारागिरांची होती, त्यामुळे कुठलंही स्वस्त वाद्य चांगलंच, असा अर्थ यातून निघत नाही. वय आणि नाव ही आवाजाची हमी नव्हे, एवढं मात्र नक्की ठरतं.

यावर नेहमीचा आक्षेप असा, की शिकायला कसलंही चालेल, हात बसला की चांगलं घेऊ. पण सूर न धरणाऱ्या वाद्यावर हात चुकीचाच बसतो. शिवाय दोष वाद्याचा असताना शिकणारा तो स्वतःचा समजतो आणि व्हायोलिन सोडून देतो. दुसरा आक्षेप अधिक खरा आहे : मुलाने दोन महिन्यांत सोडलं, तर पैसे वाया जातील. म्हणूनच आधी भाड्याने मिळतं का ते पाहावं. नाहीतर नीट जुळवलेलं जुनं वाद्य घ्यावं. त्याला पुन्हा गिऱ्हाईक मिळतं. वाढत्या वयाच्या मुलांसाठी अर्ध्या किंवा पाऊण आकाराचं व्हायोलिन लागतं आणि तेही काही वर्षांत बदलावंच लागतं. तिथे कोऱ्या वाद्याचा हट्ट धरण्यात अर्थ नाही.

हिंदुस्थानी संगीत शिकणाऱ्याला आणखी थोडी बचत करता येते. गजाननराव जोशी, वि. गो. जोग, डी. के. दातार या वादकांनी रुजवलेल्या वादनात मांडी घालून बसायचं आणि व्हायोलिनचं टोक पायावर टेकवायचं, अशी बैठक असते. त्यामुळे शोल्डर रेस्टवर खर्च करायची गरज नसते. ते पैसे चांगल्या तारांवर आणि सरळ, लवचीक गजावर घालावेत. मींड घेताना बोट घसरत जातं, म्हणून फिंगरबोर्ड गुळगुळीत आणि कठीण लाकडाचा हवा. मऊ लाकडाला काळा रंग दिलेला असेल, तर तारांनी त्यावर लवकर चर पडतात. चारही तारांना फाइन ट्यूनर, म्हणजे सूर बारकाईने लावायचे छोटे स्क्रू असले, तर नवशिक्याचे कष्ट वाचतात.

तेव्हा ठरवलेल्या रकमेतला काही भाग आधीच जुळवणीसाठी राखून ठेवा आणि उरलेल्यात बसेल ते साधं वाद्य घ्या. पैसे देण्यापूर्वी शिक्षकांना किंवा जाणत्या वादकाला ते एकदा वाजवून पाहायला सांगा. शिकणाऱ्याला त्यापेक्षा मोठी मदत दुसरी नाही.