वारली भिंत घरात आणताना

माधवनगर-सांगली भागात नवे घर बांधले की हॉलची एक भिंत वेगळी रंगवून घेण्याची आता रीतच पडली आहे. कुणी टेक्श्चर करून घेतो, कुणी स्टेन्सिल लावून वारली. आदिवासी कार्याला हातभार लावणाऱ्या आपल्या मंडळीतल्या बऱ्याच जणांना वारलीच हवी असते. मग मला दोन प्रश्न हमखास येतात : ती भिंत करायची कशी, आणि ख्रिस्ती घरात ती चालेल का?

मूळ भिंत आधी पाहू. डहाणू, तलासरीकडच्या पाड्यांत घराचा कूड कारवीच्या काठ्यांचा. त्यावर माती आणि शेण कालवून लिंपतात, वर गेरूचा हात देतात. तांदूळ वाटून पाण्यात कालवला, थोडा डिंक घातला की पांढरा रंग झाला. बांबूच्या काडीचे टोक चावून मऊ केले की कुंचला. वर्तुळ, त्रिकोण, चौकोन एवढ्यावरच सगळे चित्र उभे राहते. टोकाला टोक लावलेले दोन त्रिकोण म्हणजे माणसाचे धड. ते वर्षानुवर्षे टिकावे अशी कुणाची अपेक्षा नसते. भिंत पुन्हा लिंपली की चित्र गेले.

आपली भिंत सिमेंटची. जुना ऑइल पेंट असेल तर काचपेपरने घासून चमक काढावी, खड्डे लांबीने भरावेत, प्रायमर द्यावा आणि मग गेरूच्या छटेच्या मॅट इमल्शनचे दोन हात. चकचकीत रंग घेऊ नका. दिव्याच्या उजेडात बारीक रेघा हरवतात. पांढऱ्यासाठी अ‍ॅक्रिलिक रंग बरा. तांदळाचे पीठ प्लॅस्टिक पेंटवर नीट धरत नाही, ओल्या फडक्याबरोबर निघून येते. भिंतीत ओल असेल तर आधी तिचा बंदोबस्त करावा.

आता दुसरा प्रश्न. लग्नघरात सवाशिणी जो चौक काढतात, त्याच्या मधोमध पालघाट देवी असते. ती सजावट नव्हे, पूजा आहे. माझ्या मते तो चौक आपल्या हॉलमध्ये नको. आपल्या विश्वासासाठी तर नकोच, पण त्यांच्या पूजेची शोभेची वस्तू करू नये म्हणूनही. भातलावणी, मासेमारी, ताडावर चढणारा माणूस, झाडे, गुरे, पाखरे यांना कुणाची हरकत असणार?

ही चित्रे पूर्वी बायकाच काढत, तीही प्रामुख्याने लग्नकार्यात. 1970च्या दशकात भास्कर कुलकर्णी यांच्यामुळे ती कागदावर आली आणि गंजाडच्या जिव्या सोमा मशे यांनी शेतीच्या, जंगलाच्या, लोककथांच्या चित्रांनी ती जगभर नेली. मशे यांना 2011 मध्ये पद्मश्री मिळाली. 2018 मध्ये ते वारले. 2014 मध्ये वारली चित्रकलेला भौगोलिक मानांकनही मिळाले. तरी बाजारातल्या तयार स्टेन्सिलच्या किमतीतला रुपया पाड्यावर पोचत नाही. वर्गणी देणाऱ्या आपल्याच घरात असे व्हावे, हे मला खटकते.

म्हणून जमेल त्यांनी वारली चित्रकारालाच बोलवावे. आपले रंगारी चौरस फुटाने पैसे घेतात, पण हाताने काढलेले हे काम सावकाश चालते. तेव्हा दिवसाची मजुरी ठरवावी, प्रवासखर्च आणि जेवणखाण वेगळे. विषय तुम्ही सांगा, मांडणी त्यांच्यावर सोडा. पावसाळा उलटून भिंती सुकल्या की काम धरावे, आणि खालच्या कोपऱ्यात चित्रकाराच्या नावाला वीतभर जागा ठेवावी.