आधी कोबा बघायचा

सकाळचे पावणेसात. चाकणच्या एका गोदामात पहिली पाळी सुरू व्हायची होती. फोर्कलिफ्ट चालवणारे काका गाडीजवळ उकिडवे बसले होते आणि बघत होते गाडीखालच्या कोब्याकडे. "रात्रभर उभी होती तिथं काय सांडलंय ते आधी बघायचं. गाडी हलली की कुठून गळालं ते कळत नाही." चिकट, पिवळसर डाग म्हणजे हायड्रॉलिकचं तेल. पाण्यासारखा दिसला तर हात लावायचा नाही, बॅटरीतलं आम्ल असू शकतं.

मग प्रदक्षिणा. टायर भरीव रबराचे, त्यामुळे हवा बघायची नाही. पण रबराचे तुकडे उडालेत का, पॅकिंगची पट्टी आसाला गुंडाळलीय का, हे बघायचं. फोर्कपाशी काका वाकले. उभा भाग आडव्याला मिळतो ती टाच, तिथे ते सर्वात जास्त रेंगाळले. फोर्क जमिनीला घासत राहतात आणि झीज तिथेच होते. ताकद जाडीच्या वर्गाच्या हिशेबाने घटते. म्हणजे 40 मिलिमीटरची जाडी 36 वर आली की झीज 10 टक्के, पण ताकद जवळपास 20 टक्के गेलेली. असा फोर्क बदलायचाच. मापं मेंटेनन्सवाले घेतात. रोजचं काम डोळ्याचं, तडा शोधण्याचं.

साखळ्या दोन. फोर्क थोडे उचलून काकांनी त्या लाकडी काठीने आळीपाळीने दाबल्या. बोटांनी कधीच नाही. मास्टमध्ये, म्हणजे फोर्क वर-खाली होतात त्या उभ्या सांगाड्यात, हात घालायचा नाही, हा नियम त्यांनी मला तीनदा सांगितला. खंडेनवमीला या गाडीलाही झेंडूचा हार पडतो. तोसुद्धा साखळ्यांपासून लांब, काकाच बांधतात.

हॉर्न, दिवे, रिव्हर्सचा बझर, ब्रेक हे सगळं दोन मिनिटांत उरकलं. सीटबेल्टला मात्र जोरात हिसका. अडीच टन उचलणारी ही गाडी स्वतः चारेक टनांची. ती कलंडू लागली की माणूस उडी मारायला बघतो आणि नेमका डोक्यावरच्या लोखंडी पिंजऱ्याखाली सापडतो. पट्टा त्याला आत धरून ठेवतो.

शेवटी रोजच्या तपासणीचा तक्ता. या तक्त्यांवर माझा फारसा विश्वास नाही. एका कारखान्यात मी जूनचा तक्ता पाहिला होता: छापील रकाने 31, आणि 31 तारखेलाही 'ओके'ची खूण! चहाच्या टेबलावर महिना एका बैठकीत निघालेला. काका पेन शेवटी काढतात, तेही गाडीपाशी उभं राहून.

त्या दिवशी साखळीच्या रकान्यात त्यांनी फुली मारली. डावी साखळी काठीखाली उजवीपेक्षा जास्त दबत होती. मला तर फरक दिसलाही नव्हता. तेवढ्यात सुपरवायझर आला. "काका, बाहेर ट्रक लागलाय. चार पॅलेट तरी उतरवा, मग बघू."

"साखळीला कुठं माहीत, चारच आहेत म्हणून?"

त्यांनी चावी काढून खिशात टाकली, स्टिअरिंगला लाल पाटी अडकवली आणि मेंटेनन्सला फोन लावला. ट्रकवाला हॉर्न वाजवत होता. काका शेजारच्या फोर्कलिफ्टकडे गेले आणि पुन्हा उकिडवे बसले.