लावणीवर अभ्यास करायचाय? शोधनिबंध असे शोधा

लावणीचं एखादं रील व्हायरल झालं की कमेंट्समध्ये वाद ठरलेला. ‘ही खरी लावणी नाही’, ‘पूर्वी असं नव्हतं.’ पण खरी लावणी म्हणजे कोणती आणि पूर्वी नेमकं कसं होतं, हे तपासतं कोण?

हा विषय पिंपरी-चिंचवडपासून लांब नाही. भोसरीहून नाशिक महामार्गाने चाकण, राजगुरुनगर, मंचर ओलांडलं की नारायणगाव येतं. विठाबाईंचं हे गाव तमाशाची पंढरी म्हणून ओळखलं जातं. जत्रांच्या सुपाऱ्या इथल्या राहुट्यांमध्ये ठरतात. ज्यांचं पोट या कलेवर आहे, त्यांच्याबद्दल ऐकीव माहितीवर मत बनवणं त्यांच्यावर अन्याय करणारं आहे.

गुगलवर सापडत नाही का?

साध्या गुगलवर बातम्या आणि व्हिडिओच आधी दिसतात. शोधनिबंध वेगळा असतो. छापण्याआधी त्या विषयाचे इतर अभ्यासक तो तपासतात आणि कोणती माहिती कुठून घेतली, हे लेखकाला सांगावं लागतं.

सुरुवात कुठून करायची?

आधी मराठी विश्वकोशातल्या ‘लावणी’ आणि ‘तमाशा’ या नोंदी वाचा. त्या ऑनलाइन मोफत आहेत. तिथून ‘संगीतबारी’, ‘ढोलकीफड’ असे शब्द मिळतात. शोधताना हेच शब्द कामाला येतात.

मोफत काय मिळतं?

• शोधगंगा: भारतीय विद्यापीठांतले पीएचडीचे प्रबंध. मराठीतले प्रबंधही मिळतात. प्रबंधाच्या शेवटची संदर्भसूची म्हणजे आयता खजिनाच.
• गुगल स्कॉलर: लेखाखालच्या ‘सायटेड बाय’वर क्लिक केलं की त्या लेखाचा आधार घेऊन नंतर कोणी काय लिहिलं, ते दिसतं.
• जेस्टोर: मोफत खातं उघडलं की बऱ्याच नियतकालिकांतले महिन्याला 100 लेख ऑनलाइन वाचता येतात.

शब्द कसे टाकायचे?

इंग्रजीत ‘लावणी’चं स्पेलिंग प्रत्येक जण वेगळं करतो. कुणी ‘व्ही’ लावतं, कुणी ‘डब्ल्यू’, कुणी मधला ‘ए’ गाळतं. एकाच स्पेलिंगवर थांबलात तर निम्मे लेख निसटतील. सगळी स्पेलिंग ‘ऑर’ने जोडा. विषय नेमका करायचा असेल तर ‘अँड’ लावून जात, स्त्रिया किंवा सिनेमा यांसाठीचा इंग्रजी शब्द जोडा. पूर्ण नाव शोधताना ते अवतरण चिन्हांत टाका.

‘नृत्य’ एवढ्यावरच थांबू नका. शर्मिला रेगे यांचा लावणी कलावंतांवरचा 1995 मधला गाजलेला निबंध नृत्याच्या नव्हे, समाजशास्त्राच्या नियतकालिकात आला होता. लावणी आणि पोवाड्यावरचा त्यांचा 2002 मधला लेख ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’त आहे. तमाशा आणि जात यावरचं शैलजा पाईक यांचं 2022 मधलं पुस्तक इतिहासाच्या अंगाने जातं.

लेख पैसे मागतोय, आता?

जानेवारी 2025 पासून ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ योजनेत सरकारी उच्च शिक्षण संस्थांना 13 हजारांहून अधिक नियतकालिकं खुली झाली. खासगी कॉलेजं पहिल्या टप्प्यात नाहीत आणि आपल्या पट्ट्यात तीच जास्त. तुमचं कॉलेज खासगी असेल तर आधी ग्रंथपालांना विचारा, कॉलेजने कोणते डेटाबेस घेतलेत आणि घरून लॉगिन मिळतं का. नाहीच जमलं तर पुणे विद्यापीठाच्या जयकर ग्रंथालयात बाहेरच्या वाचकांसाठी काय नियम आहेत, याची चौकशी करा. लेखकाला मेल करून प्रत मागणंही रीतीला धरून आहे. अनेक अभ्यासक आनंदाने पाठवतात.

लेख मिळाला, पुढे काय?

छापलेलं सगळं अंतिम सत्य नसतं. लेखकाने कलावंतांशी स्वतः बोलून लिहिलंय की फक्त जुन्या पुस्तकांवरून, हे पाहा. वेगळं मत मांडणारा निदान एक लेख शोधून वाचा. मग खुशाल कमेंट करा.